लायगेज तोडतं की जोडतं

आमच्या स्टाफरूममध्ये किश्श्यांना तोटा नाही. चहा आला की कुणाची तरी फजिती निघते, आणि दर वर्षी त्यात चार नव्यांची भर पडते. इतरांचे किस्से मी रंगवून सांगतो. हे मात्र माझे आहेत, आणि आजवर स्टाफरूममध्ये सांगितलेले नाहीत.

* * *

मी केमिस्ट्रीचा. कट्टा गावाजवळच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात बायोलॉजीची जागा रिकामी, म्हणून अकरावीचा तो विषयही माझ्याच गळ्यात. एन्झाइमच्या धड्यात ‘लायगेज’ शब्द आला. तयारी केली नव्हती. लायसिस म्हणजे तुटणं एवढं माहीत होतं, त्यावरून ठोकून दिलं, "लायगेज म्हणजे डीएनए तोडणारं एन्झाइम."

पहिल्या बाकावरची सायली उभी राहिली. "सर, पुस्तकात जॉइनिंग लिहिलंय."

"प्रिंटिंग मिस्टेक आहे," मी म्हणालो.

तिथे थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी सगळ्या वर्गाला पेन काढायला लावलं. ‘जॉइनिंग’ खोडा, बाजूला ‘कटिंग’ लिहा. सगळ्यांनी खोडलं.

* * *

त्याच दिवशी मराठीच्या सावंत मॅडमना मी दोरा आणि कात्री घेऊन हे एन्झाइम समजावलं. त्यांनी दोऱ्याचे दोन तुकडे पाहिले. "मग परत जोडतं कोण?"

"आपोआप जुळतात."

"बरं आहे हो," मॅडम म्हणाल्या. "आमच्या ब्लाउजचं तसं होत नाही."

तेव्हाही मला शंका आली नाही.

* * *

युनिट टेस्टला प्रश्न मीच काढला: लायगेजचं कार्य लिहा. सगळ्यांनी लिहिलं, तोडतं. एकट्या सायलीने लिहिलं, जोडतं. मी लाल पेनने शून्य दिलं आणि खाली शेरा मारला, ‘वर्गात लक्ष द्यावे.’

तिने पेपर घडी करून वहीत ठेवला. मला वाटलं, आता कळलं असेल तिला.

* * *

गणपतीनंतर ओरोसला शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. शिकवायला माझ्या निम्म्या वयाची एक मुलगी. तिने विचारलं, "लायेज आणि लायगेज, फरक कोण सांगेल?"

पहिला हात माझा. "काही फरक नाही. दोन्ही तोडतात."

हॉल हसला. ती हसली नाही. "लायेज तोडतं, सर. लायगेज बांधतं. डीएनएचे तुकडे तेच सांधतं. नावं जवळची आहेत, होतो गोंधळ."

जेवणाच्या सुट्टीत मी ताट घेऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. हॉलचं हसणं फारसं लागलं नव्हतं. डोळ्यांपुढे तो लाल शेरा होता.

* * *

दुसऱ्या दिवशी वर्गात म्हणालो, "पुस्तक बरोबर आहे. चूक माझी होती. दुरुस्त करा."

मागच्या बाकावरून नितीन म्हणाला, "सर, पेनान खोडलंय. आता लिवचा खंय?"

"बाजूला लिही."

"बाजूक तुमचा कटिंग आसा."

वर्गात कुणीही हसलं नाही. हसले असते तर मला सोपं गेलं असतं.

* * *

सायली त्या दिवशी आली नव्हती. घरी भाताची कापणी होती. तिची माफी मागायला दुसऱ्या दिवसापर्यंत थांबवेना, म्हणून कॉलेज सुटल्यावर तिच्या घरी गेलो. तिच्या वडिलांनी खळ्यात खुर्ची दिली, पाणी दिलं. सायली भाताचा भारा उतरवून बाजूला उभी राहिली, केसांत गवताच्या काड्या.

मी सरळ सांगितलं, "सायलीचं बरोबर होतं. मी चुकीचं शिकवलं आणि वर तिलाच शून्य दिलं."

वडील तिच्याकडे वळले. "तू सरांका वर्गात उलटा बोललंस?"

"नाय. मी फक्त इचारलंय."

"सगळ्यांसमोर?"

तिने होय अशी मान हलवली.

"सरांका आमच्या दारात येवचा लागला तुझ्यापायी. माग माफी."

मी उठलो. "अहो, चूक माझी आहे. माफी मागायला मी आलोय."

"ता तुमचा मोठेपण, सर. पण लहानान लहानासारख्या ऱ्हवाक व्हया."

सायलीने हात पदराला पुसावेत तसे ओढणीला पुसले, आणि मी पाय मागे घ्यायच्या आत वाकली.

"माजा चुकला, सर."