मनकर्णेची वेणी

बार्शीटाकळीच्या मनकर्णा माळणीचे हात कधी स्वस्थ बसले, असं गावात कुणी पाहिलं नव्हतं. वांग्याचं रोप लावलं की दुसऱ्या दिवशी ती ते हलकेच ओढून बघायची, मूळ धरलं की नाही ते. वांगी बिचारी सोसत. मिरच्याही सोसत. काळ्या मातीत काय, काठी रोवली तरी पालवते, असा तिचा पक्का समज होता.

सातासमुद्रापलीकडे कुठेशी लढाई लागली होती आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले होते. भाजीचे वाफे मोडून लोक पऱ्हाटी लावत होते, आणि ज्याच्या दाराशी बैलजोडी तो गाडीवान होत होता. मनकर्णेचा नवरा शालिकराम त्यातलाच. त्या आश्विनात तो मेळघाटात बांबू आणायला गेला आणि सेमाडोहकडच्या रानातून एक विचित्र झाड घेऊन आला. जाड, चामड्यासारखी पानं, बोटाएवढी पांढरी मुळं, आणि मुळांना चिकटलेला सालीचा तुकडा.

"सीतेची वेणी म्हनतात हिले," तो म्हणाला. "झाडावर लटकते. फूल वेणीवानी खाली लोंबते."

दिवाळी सरली तशी तो अमरावतीच्या बाजारातून कापूस भरायला निघाला. आगगाडी अजून अकोल्याला यायची होती; ती खानदेशात जिथवर आली होती तिथवर गाड्या हाकायच्या, म्हणजे महिनोन्‌महिन्यांचं काम. निघताना तो बैलांना जू घालत म्हणाला, "तू साऱ्या गावाच्या बायाइले वेण्या विकतं, तुह्या डोक्यात एक नाही. हे जगव. फूल आलं की मी आलो समज."

झालं. गाडी वेशीपार गेली आणि हे बोलणं मनकर्णेच्या काळजात जाऊन बसलं. फूल आलं तर तो येईल. मग झाड मेलं तर?

तिला झाडाची दयाच आली. रानात झाडावर लटकून बिचारीला खायला काय मिळत असेल! तिने फुटक्या माठाचं बूड घेतलं, त्यात विहिरीजवळची उत्तम काळी माती भरली, मुरलेलं शेणखत घातलं, वेणी मुळांसकट गळ्यापर्यंत पुरली आणि सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. पंधरवड्यात पानं पिवळी पडली. ही म्हणाली, तहान लागली असेल. अजून पाणी. पानं बुडाशी मऊ झाली. ही म्हणाली, माठ लहान पडला. मोठा माठ, नवी माती, पुन्हा पाणी. उपटून बघते तर मुळं सडून काळी पडलेली, वास सुटलेला. दोनच तेवढी पांढरी उरली होती.

ती मातीत बसून रडायला लागली. सासू गोदाबाई तंबाखू मळत बाजूला उभी होती.

"झाडावरची होती ना वं ते?"

"व्हय, आत्या."

"मंग झाडावर ठेव ना! मातीत काहून गाडलं तिले? जितीच तर होती."

अंबाडीच्या दोरीने मनकर्णेने ती विहिरीवरच्या आंब्याला बांधली. मातीशिवाय उघडी मुळं पाहून तिला कसंसंच व्हायचं. आणि हात? हात तर तेच होते. रोज उठून दोरी सैल करायची, मूळ सालीला चिकटलं का ते बोटाने उचलून बघायचं, पुन्हा बांधायची.

"पाळन्यातल्या लेकराले झोपलं का म्हनून उठवून पाह्यतं का तू?" गोदाबाई वैतागली. पण ऐकतो कोण!

माघात अकोल्याच्या बाजारातून बातमी आली: गाड्यांच्या वाटेवर पटकीची साथ लागली आहे. मनकर्णा भाजीची टोपली तशीच टाकून घरी धावली, थेट आंब्याकडे. दोरी सोडली, मूळ उचललं. ते चिकटलं होतं. खरंच चिकटलं होतं, आणि तिच्या ओढीने मट्‌कन तुटलं.

त्या दिवसापासून तिच्या तोंडात घास फिरायला लागला. मुळाबरोबर आपणच नवऱ्याला तोडलं, असं तिला वाटायचं, आणि हे सांगायचं तरी कुणाला? झाडाकडे जायला पाय उचलत नव्हता, न जाता चैन पडत नव्हतं. मोटेचा आवाज आला तरी तिला गाडी आल्यासारखं वाटायचं.

चैत्रात शालिकराम आला. वाळलेला, रापलेला, पण धडधाकट. मनकर्णेने त्याला पाय धुवायलाही पाणी दिलं नाही. हाताला धरून आंब्याखाली नेलं. एक मूळ आणि तीन पानं, एवढं उरलं होतं.

"हे काय?" त्याने विचारलं.

"तुमी म्हनले होते... फूल आलं की मी आलो समज."

शालिकरामने डोकं खाजवलं. "म्या म्हनलं? म्या तर हे पोळ्याले बैलाच्या शिंगाले बांधीन म्हनून आनलं होतं. घरी आल्यावर ध्यानात आलं, पोळा तं होऊन गेल्ता; म्हनून तुले देल्लं."

मनकर्णा जी भडकली! चार महिन्यांचं रडं, उपास, जागरणं, सगळं एकदम वर आलं. तिने पाण्याची अख्खी घागर त्याच्या अंगावर उपडी केली. मग घरात जाऊन भाकरी टाकल्या, आणि त्या दिवसापासून त्या झाडाकडे ढुंकून पाहिलं नाही.

पुढच्या दिवाळीनंतर तो पुन्हा निघाला. जू घालताना म्हणाला, "मी येईपर्यंत..."

"काही म्हनू नका," तिने त्याला अडवलं. "नुसतं जा, अन् नुसतं या."

वैशाखात ती विहिरीवर वाकली होती तर काहीतरी गालाला लागलं. वर बघते तर गुलाबी-पांढऱ्या बारीक फुलांची हातभर वेणी लोंबत होती. मुळांनी आंब्याची फांदी कधी कवटाळली होती, तिला पत्ताही नव्हता. शालिकराम अजून आला नव्हता. (तो पुढे आठवड्याने आला, हे आत्ताच सांगून टाकतो, तुमचा जीव कशाला टांगणीला लावू?) पण तिला ते कुठे माहीत होतं!

तिने वेणी तोडली आणि आपल्याच अंबाड्यात माळली. गोदाबाई हबकली.

"माहा लेक अजून वाटेवर, अन् तू वेणी माळून बाजारात चालली?"

"फूल त्याच्या वेळेवर आलं, आत्या. तुमचा लेक त्याच्या वेळेवर येईन."

टोपली डोक्यावर चढवायच्या आधी, वेणी नीट बसली का ते ओढून बघायला तिचा हात वर गेला. अर्ध्या वाटेवर तिने तो खाली घेतला आणि ती बाजाराला निघाली.