जनूनं काढलेली माणसं

चित्रकाराच्या घरात दोन गोष्टी साठतात, चित्रं नि किस्से. चित्रांना माळा लागतो, प्लास्टिक लागतं, उंदरांपासून राखावं लागतं. किस्स्यांना काय लागत नाय. प्रदर्शन संपून चित्रं टेम्पोत चढायची असतात, तोवर किस्सा आमच्या आधी टोकावड्याच्या स्टँडवर येऊन उभा! मी शाळा बघितली नाय, म्हणून सगळं डोक्यातच ठेवलंय. आता नात मोबाइल घेऊन बसते नि म्हणते, "आजी, बोल." तर बोलते.

जनू माझा धाकटा. शहापूरला शाळेत ड्रॉइंग मास्तर. रविवार नि सुट्ट्या त्याच्या रंगात जातात. तो माणसं काढतो, जशी दिसतात तशी. सुरकुती असेल तर सुरकुती, दात नसतील तर नाय. फोटोवरून काढत नाय. माणूस समोर बसायला लागतो, महिना महिना. नि त्याचा एक नियम, गावातलं सगळ्यात म्हातारं माणूस आधी. "तरणी माणसं काय, नंतर पण भेटतील," म्हणतो.

पुढचं सगळं ह्या एका नियमानं झालं.

*

पहिलं प्रदर्शन मुरबाडला, एका शाळेच्या हॉलमध्ये. बाकं भिंतीला लावून त्यावर चित्रं उभी केलेली. मधोमध आमच्या शेजारचे तुकारामबाबा, नव्वदीला टेकलेले. बाबा स्वतः बघायला आले, बायकोला घेऊन. हौसाबाय तिचं नाव. बाबांनी चित्र बघितलं नि चिडले.

"जनू, चुकलास रे! माझा मस हाय ह्या गालाला. तू त्या गालाला काढलास."

"नाय चुकलो, बाबा."

"मला शिकवतो? रोज दाढी करताना आरशात बघतो मी!"

मास्तर लोक हसायला लागले. जनू आरशाचं समजवायला गेला, पण बाबा ऐकतील तर ना! तेवढ्यात हौसाबाय पुढं झाली. चित्राला नाक लागेल एवढ्या जवळून तिनं बघितलं नि म्हणाली, "बरोबर काढलंय. साठ वर्सं मी समोरून बघतेय ह्यांना. तुमी कवा बघितलंत?"

बाबांनी मस चाचपून बघितला.

आठ दिवसांनी बाबा झोपेतच गेले.

*

बाबांचा घरात एक फोटो नव्हता. दहाव्याला त्यांचा मोठा मुलगा धर्मा आला नि चित्र घेऊन गेला. पाटावर उभं केलं, हार घातला. सुनेनं रीतीप्रमाणं कपाळाला कुंकवाचं बोट लावलं. कुंकू कॅनव्हासमध्ये बसलं ते बसलंच. चित्र घरी परत आल्यावर जनूनं पुसायला कापूस घेतला, जरा वेळ हातात धरला नि टाकून दिला. म्हणाला, "राहू दे."

पुढच्या वर्सी ठाण्याला प्रदर्शन. तिथं एक मोठे गृहस्थ आले, चष्मा कपाळावर चढवलेला. बाबांच्या चित्रासमोर अर्धा तास उभे. मग जनूचा हात धरून म्हणाले, "अहो, सगळं चित्र ह्या एका लाल ठिपक्यावर तोललंय! हे सुचलं कसं तुम्हाला?"

जनू म्हणाला, "मला नाय सुचलं. त्यांच्या सुनेला सुचलं."

*

त्याच प्रदर्शनातली गौराबायची गोष्ट. गौराबाय आमच्या खालच्या आळीची. सगळं आयुष्य दुसऱ्याच्या शेतावर लावणी केलेली. जनूनं तिला दारात बसलेली काढली होती, हात मांडीवर ठेवून. ठाण्याला आमच्याबरोबर आली, पण मागं राहिली. पायात चप्पल नाय, काखेत बोचकं. दारावरच्या गार्डनं अडवलं.

"आजी, इकडं नाही. पुढं जा."

तिनं काचेतून आत बघितलं. समोरच्या भिंतीवर तिचंच चित्र!

"ती बघ, आत बसलीय," गौराबाय म्हणाली. "तिला बरी सोडलीस रे? ती पण अनवानीच हाय."

गार्डनं चित्राकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं, परत चित्राकडं. मग दार उघडून बाजूला झाला नि चक्क सलाम ठोकला.

ती गौराबाय चित्र ठाण्यावरून परत यायच्या आधीच गेली. ताप आला, तीन दिवसांत आटोपलं. चित्र आलं ते थेट तिच्या लेकीच्या घरी पोचवलं.

*

तिसरा कोंडूदादा. तानसा तलावाच्या अंगाला राहायचा, जंगलातला मध काढायचा. किती वर्सांचा ते त्याला पण ठाऊक नव्हतं. शहापूरच्या प्रदर्शनात त्याचं चित्र लागलं नि उद्घाटनाच्या सकाळीच निरोप आला, कोंडूदादा गेला.

झालं! धर्मा ढाब्यावर बसून बोटं मोजायला लागला. माझा बाप, गौराबाय, कोंडूदादा. महिन्याभरात माळशेजच्या पायथ्यापासून मुरबाडपर्यंत एकच बोलणं, जनू काढतो तो जातो.

मी धर्माला रस्त्यात गाठलं. "अरे, लाज वाटत नाय? नव्वदीची माणसं निवडून काढायची, नि ती गेली की नवल करायचं होय?"

धर्मा शांतपणे म्हणाला, "काकी, मग ती आधी का नाय गेली?"



*

म्हातारी माणसं जनूला बघून दारं लावायला लागली. कुणाकडं चहाला गेला तरी म्हातारा आतल्या खोलीत. एकदा नुसता पिशवी घेऊन बांधावरून येत होता, पिशवीत वांगी! समोरून नामाकाका. बारा वर्सं काठीशिवाय पाऊल न टाकलेला माणूस. जनूला बघितलं नि काठी तिथंच टाकून शेतातून असा पळाला की कोंबड्या उधळल्या.

काठी द्यायला मी त्याच्या घरी गेले. काकाची बायको काठी घेत म्हणाली, "तुझ्या पोराला सांग गो, गुण आला! सरकारी दवाखान्यात जमलं नाय ते त्यानं केलं."

मी हसले. घरी आले तर जनू रिकाम्या कॅनव्हाससमोर बसलेला. तो काय हसला नाय.

*

नि नेमकी त्याच वर्सी मुंबईच्या मोठ्या गॅलरीनं तारीख दिली. तिथं नंबर लागायला वर्सानुवर्सं थांबायला लागतं. ही तारीख गेली तर पुढची कवा ते कुणी सांगत नाय. भिंत भरायला आणखी दोन मोठी चित्रं हवी होती, नि समोर बसायला माणूस नाय.

मी म्हटलं, "फोटोवरून काढ रे एवढ्या वेळी."

"फोटो दमत नाय, आय. दोन तासांनी दमलेला माणूस दिसतो ना, तो खरा. तेवढ्यासाठी तर बसवतो."

"मग मला बसव."

तो कॅनव्हास ताणायला बसला. सून मात्र चुलीपाशी जाऊन रडली. शहापूरची माझी बहीण रोज संध्याकाळी फोन करायला लागली. "हाय का गो?" असं मलाच विचारायची! फोन मीच उचलायची नि वर मीच सांगायची, "हाय."

भीती नाय वाटली म्हटलं तर खोटं होईल. बसायच्या आदल्या दिवशी मी सुनेला दाखवलं, लोणच्याची बरणी कुठली आधी संपवायची, नि शेवटी नेसवायचं नवं लुगडं कुठल्या पेटीत. सकाळी हातपाय धुऊन खुर्चीत बसले.

पाच रविवार बसले. लोकांना वाटतं चित्रकार बघतो. अहो, बसणाऱ्याला पण दुसरं काय काम असतं? एवढा वेळ सलग मी जनूला तो पाळण्यात असताना बघितला होता. कानापाशी केस पांढरे झालेत. रंग लावताना खालचा ओठ चावतो, बापासारखा. एवढी वर्सं एका घरात, नि हे मला तेवढ्यात कळलं.

चित्र झालं. मी हायच! पंधरा दिवस गेले, महिना गेला. मला वाटलं आता तरी तोंडं बंद होतील. तर धर्मा म्हणतो, "आय मोजायची नाय. त्याचा हात आयला कसा बाधेल?"

मी जिवंत राहिले ते पण फुकट!

*

दुसऱ्या चित्राचं सांगते. ते मुंबईच्या प्रदर्शनात लागलं, पण डाव्या हाताशिवाय. तिथं एका बाईंना ते फार आवडलं, घरी न्यायचं म्हणाल्या. जनूनं सांगितलं, "झालेलं नाय अजून." पण मला सांगायचंय ते तिथलं नाय, त्याच्या आधीचं.

माझी मोठी नणंद बायजावन्सं, टोकावड्याला दिलेली. खुब्याचं हाड मोडून तीन वर्सं अंथरुणाला खिळलेली. एक दिवस तिचा निरोप आला, "जनूला पाठव. रंग घेऊन पाठव."

कशाला बोलावते ते सगळ्यांना कळलं. तिचा मुलगा शंकर भातसानगरला नोकरीला असतो. त्याचा लगेच फोन, "मामी, तुमच्या चित्रासाठी माझी आय लागते काय?"

जनू दोन दिवस जेवला नाय नीट. म्हणाला, "ती चित्र काढायला बोलवत नाय, आय. नि मला तर चित्र पायजे. कसा जाऊ?"

"तिनं बोलावलंय," मी म्हटलं. "नाय गेलास तर ती काय समजेल?"

गेला. मी बरोबर. वन्सं भिंतीकडं तोंड करून पडलेली. वळली नाय, तशीच म्हणाली, "आलास? किती दिस लागतील?"

"महिना तरी, आत्या."

"एवढा? बाकीच्यांना बरं पटकन उरकलंस!"

तिच्या सुनेनं तिला न्हाऊ घातलं, केसांना तेल लावलं. तीन वर्सांत पहिल्यांदा ती लोडाला टेकून बसली. जनूनं गोधडीवर तिचे दोन्ही हात ठेवले, एकावर एक, नि म्हणाला, "आत्या, हे असे. हलवायचे नाय."

दुसऱ्या रविवारी बसवायला दोघी लागायच्या त्या जागी एक पुरली. तिसऱ्या रविवारी आमी पोचायच्या आधी ती बसलेली. शेजारच्या बायका दारात उभ्या राहून बघायच्या. ती त्यांना ओरडायची, "उजेडातून सरका गो! त्याला दिसत नाय."

महिना झाला. चेहरा झाला, लुगडं झालं, गोधडीचे टाके पण झाले.

"झालं काय रे?" ती विचारायची.

"उजवा हात राहिलाय, आत्या."

पुढच्या खेपेला, "आता तरी?"

"डावा राहिलाय."

असे आणखी दोन रविवार गेले. डाव्या हाताच्या जागी नुसता कोरा कॅनव्हास. जनू कुंचला त्याच्यापर्यंत न्यायचा नि दुसरीकडंच कुठं तरी लावायचा. मी बघत होते. शंकर पण आलेला, तो पण बघत होता.

मग मुंबईची तारीख आली. टेम्पो दारात उभा. जनूनं चित्र फिरवून पहिल्यांदा वन्संच्या समोर धरलं. ती किती तरी वेळ बघत राहिली. आमी तिच्याकडं बघत राहिलो. शंकरनं दाराची चौकट धरलेली.

"माझा डावा हात कुठाय?"

"राहिलाय, आत्या."

"मग नेतोस कशाला?"

"तारीख आलीय. आठ दिवस भिंतीवर लावायचं, मग परत आणतो."

वन्संनी खाली बघितलं. उजवा हात उचलून बाजूला घेतला, डावा गोधडीवर होता तसाच नीट मांडला, बोटं सरळ केली.

"जाऊन ये," ती म्हणाली. "तू येशील तोवर मी हलवत नाय."