आकडेताईंचा पडदा

सकाळचे नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती. रुग्णालयाच्या तपासणी प्रयोगशाळेत आकडेताई रिपोर्ट टाइप करत होत्या आणि काचेच्या खिडकीपलीकडून टेक्निशियन यंत्रावरचे आकडे सांगत होता. त्याच्या आवाजामुळे सगळे त्याला भोंगा म्हणत. भोंगा बोलायचा, ताई टाइप करायच्या. अकरा वर्षं हेच चाललं होतं. कीबोर्डच्या उजव्या बाजूच्या आकड्यांवर ताईंची बोटं न बघता फिरत. नव्याने कामाला लागलेल्यांना हे मुद्दाम बोलावून दाखवलं जाई.

शेवटचा आकडा टाइप झाला आणि पडदा काळा झाला.

ताई जागच्या हलल्या नाहीत. भीती कॉम्प्युटरची नव्हती. पडदा काळा झालाय, की आपल्यालाच काळा दिसतोय, हे त्यांना कळेना. आणि हे विचारायचं तरी कुणाला? विचारलं की संपलंच.

त्यांच्या आईला काचबिंदू होता. आईने तो दोन वर्षं घरात कुणाला कळू दिला नाही. पावलांवरून माणसं ओळखायची, बोट बुडवून भांडं भरलं का ते बघायची. एकदा पाहुणा उठून गेला, आणि आई त्याच्या रिकाम्या खुर्चीपुढे पाण्याचा पेला धरून उभी राहिली. ‘घ्या ना,’ म्हणाली. तेव्हा कळलं, आणि तोवर उपाय उरला नव्हता. ताई त्या वेळी पंधरा वर्षांच्या होत्या. आता त्यांना शेहेचाळिसावं लागलं होतं, आणि गेले काही महिने जिन्याची शेवटची पायरी त्यांना पायानेच शोधावी लागत होती. हे नवऱ्यालाही माहीत नव्हतं. चष्म्याचा नंबर वाढला असेल, असं त्या स्वतःला सांगत.

त्यांनी मान वळवून भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. दिसलं. मग हातांनी काम सुरू केलं. मॉनिटरच्या कोपऱ्यातला बारका दिवा वाकून पाहिला, तो हिरवा होता. टेबलाखालच्या डब्यावर तळवा ठेवला. आतला पंखा फिरत होता. मागची वायर दाबली, काढून परत खोचली. पडदा काळाच. एक कळ दाबली तर कीबोर्डवरचा दिवा विझला, पुन्हा दाबली तर लागला. म्हणजे कॉम्प्युटर जिवंत होता. मग मेलं होतं काय?

भोंग्याने खिडकीतून डोकं आत घातलं. “ताई, पडद्याने डोळे मिटले की काय?”

ताईंना हसू फुटलं, आणि ते थांबेना. पडदा त्यालाही काळा दिसत होता. भोंग्याला वाटलं, विनोद भलताच जमला.

तोवर प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टर आत आल्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत. वरच्या वॉर्डातून दोनदा फोन आला होता. किडनीच्या एका रुग्णाचं पोटॅशियम हवं होतं. ते साधारण साडेतीन ते पाचच्या दरम्यान असावं लागतं. ते खूप वाढलं तर हृदय बंद पडू शकतं, आणि कमी असलं तर बाहेरून द्यावं लागतं. वॉर्डातल्या डॉक्टरांच्या हाती दोन्ही औषधं तयार होती. फक्त छापील रिपोर्ट यायचा होता, तोंडी आकडा सहसा चालत नसे.

ताई म्हणाल्या, पडद्याची गरज नाही, कळा मला पाठ आहेत, आंधळ्यानेही प्रिंट काढावी. हा शब्द आपण का वापरला, असं त्यांना लगेच वाटलं. मॅडम नको म्हणाल्या, आणि त्यांनी तळमजल्यावरच्या कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं.

तो आला, सोबत आणलेली दुसरी वायर लावून पाहिली, मान हलवली. मग त्याने रस्त्याकडच्या खिडकीचा पडदा ओढला, ट्यूबलाइट बंद केली आणि मोबाइलची बॅटरी मॉनिटरवर तिरकी धरली.

“चित्र आहे की,” तो म्हणाला. “पडद्यामागचा दिवा तेवढा गेलाय.” बाजूची बटणं दाबत, वाकून बघत तो पुढे म्हणाला, “उजेड शंभरावर ठेवलाय कुणीतरी. रात्रंदिवस एवढा जाळल्यावर दुसरं काय होणार. दिसतंय ना ताई?”

ताई त्याच्या बॅटरीच्या दिशेने बघत होत्या. प्रकाशाचा एक पांढरा ठिपका होता. त्याच्याभोवती काळं होतं, आणि त्या काळ्यात काहीही नव्हतं.

“दिसतंय,” त्या म्हणाल्या.

“मग वाचा. मी दिवा धरतो. बरोबर असलं की सेव्ह करून प्रिंट काढू.”

ताईंची स्मरणशक्ती शाबूत होती. भोंग्याचे आकडे अजून कानात होते. सोडियम, क्रिएटिनिन त्यांनी ठणठणीत आवाजात म्हणून दाखवलं. कॉम्प्युटरवाला पडद्यावर बोट सरकवत हूं हूं करत होता. वेळ मारून नेली, असं ताईंना वाटू लागलं.

“पोटॅशियम, सहा पॉइंट तीन.”

बोट थांबलं. “सहा कुठंय? तीन पॉइंट तीन आहे.”

मग भोंगा खिडकीतून हळू आवाजात म्हणाला, “सहाच सांगितलं होतं मी.” इतका हळू तो कधी बोलत नसे.

कीबोर्डवर सहाच्या बरोबर खाली तीन असतो. बोट एक ओळ घसरलं होतं, आणि घसरलेलं बघायला डोळे नव्हते. मॅडमनी आधी वॉर्डात फोन लावला, सहा पॉइंट तीन असं दोनदा सांगितलं, पलीकडून परत म्हणवून घेतलं. मग रिसीव्हर ठेवला आणि ताईंच्या खुर्चीशेजारी येऊन उभ्या राहिल्या.

“तुम्ही वाचत नव्हतात.”

“नाही,” ताई म्हणाल्या. “मला दिसत नाही. चित्र आहे म्हणतात, मला नुसतं काळं दिसतं.”

“उजेड शंभरावर कधी नेला?”

“चार महिने झाले. आकडे पुसट दिसायला लागले तेव्हा.”

“त्या सगळ्या रिपोर्टांवर सही माझी आहे,” मॅडम म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. ताईंना वाटलं, चढला असता तर बरं झालं असतं.

कॉम्प्युटरवाल्याने ट्यूबलाइट लावली. ताईंनी दोन्ही हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवले.

दुपारी नवा मॉनिटर बसला. त्यावर दुसरी टायपिस्ट काम करू लागली, ती कीबोर्डवरचे आकडे बघून टाइप करते आणि भोंग्याला थांबावं लागतं. ताईंनी संध्याकाळी घरी सगळं सांगितलं. नवऱ्याने विचारलं, जिना उतरताना भिंतीला धरून चालतेस ते यामुळे का.

उद्या सकाळी नऊ वाजता आकडेताई दुसऱ्या मजल्यावरच्या नेत्रविभागात असतील. डोळ्यांत थेंब घातल्यावर काही तास धूसर दिसतं, म्हणून नवरा बरोबर जाणार आहे. त्याच वेळी खाली प्रयोगशाळेत भोंगा यंत्रात साठवलेले जुने आकडे वाचायला बसेल आणि मॅडम ते छापील रिपोर्टांशी ताडून बघतील. सुरुवात चार महिन्यांपूर्वीच्या सोमवारपासून होईल.