घोंगड्याखालचा करंट

त्रेचाळीस साली निपाणीत मोटारी होत्या सात, आणि त्यातल्या पाच विटांवर चढवून ठेवलेल्या. लढाई चालू. पेट्रोल कुपनावर, तेही मोजकं. जिनाप्पा तंबाखूवाल्यांची मोटार मात्र रस्त्यावर दिसायची, कारण तिला रवळू होता.

रवळू मूळचा खानापूरकडचा. बेळगावच्या कॅम्पात एका गोऱ्या साहेबाची गाडी पुसता पुसता ती खोलायला शिकला. शाळेचं तोंड बघितलं नव्हतं, पण इंजिनाला कुठं दुखतंय ते नुसतं ऐकून सांगायचा. जिनाप्पांकडं त्याला पंधरा वर्षं झाली. गाडी दारात आली त्या दिवसापासून. बायको नागुबाई त्यांच्याच वखारीत तंबाखू निवडायची. नवराबायकोची चूल त्या एकाच दारावर पेटत होती म्हणा ना.

त्या पावसाळ्यात गाडी मिसिंग मारायला लागली. सपाटीला कशीबशी जायची, पण चढ आला की खोकायची, आचके द्यायची, आणि पेट्रोल असं प्यायची की महिन्याची कुपनं वीस तारखेलाच संपली. एकदा झालं, दुसऱ्या महिन्यातही तेच.

जिनाप्पांनी त्याला वखारीच्या दारात, चार हमालांदेखत उभं केलं.

"काय रं रवळू, पेट्रोल गाडी पिती, का तू दुसऱ्या कुणाला पाजतोस?"

"आप्पा, गाडीत दोष हाय. शोधतोय मी."

"पंधरा वर्सं न्हवता, आन् पेट्रोल म्हाग झालं तवाच बरा दोष आला!"

हमाल हसले. दुपारपर्यंत ते बोलणं आत निवडणाऱ्या बायकांत पोचलं. गुणाबाई नागुबाईला म्हणाली, "तुमच्यात दिव्यात घासलेट न्हाय, पेट्रोल घालत्यात म्हणं! लई उजेड पडत असंल गं!" नागुबाई खाली मान घालून पानं निवडत राहिली.

रवळूनं मग दोन दिवस गाडीशी झुंज घेतली. प्लग काढून घासले. कार्बोरेटर धुतला. गाडी चालू ठेवून प्लगांच्या वायरी एकेक करून उपसल्या. पहिली काढली, इंजिन लंगडलं. दुसरी काढली, तसंच. तिसरी काढली तर आवाजात काडीचा फरक नाही! म्हणजे हे सिलिंडर आधीच मेलेलं. तिथं दुसरा प्लग घालून बघितला, तरी मढं ते मढंच. चौथ्याचाही जीव जेमतेम. मग त्यानं बॉनेट उघडं ठेवून वरून आपलं काळं घोंगडं पांघरलं आणि भर दुपारच्या उजेडात आत डोकं घालून अंधार केला.

आणि दिसलं. वायरींचं रबर उन्हापावसानं तडकून भेगाळलं होतं, आणि त्या भेगांतून निळ्या ठिणग्या तडतड करत इंजिनाच्या लोखंडात उतरत होत्या. करंट प्लगापर्यंत पोचतच नव्हता. पेट्रोल न जळताच धुराड्यातून जात होतं.

रवळू पळतच गेला. "आप्पा, चला! चोर सापडलाय! डोळ्यांनी बघा!"

जिनाप्पा आले. घोंगड्याकडं त्यांनी बघितलं. आत वाकायचं म्हणजे रवळूच्या खांद्याला खांदा लावायचा, त्याच्या घामाच्या घोंगड्यात डोकं घालायचं. आणि हमाल बघत होते.

"तुझ्या घोंगड्यात मी डोकं घालू व्हय रं?" ते म्हणाले आणि माघारी वळले.

नव्या वायरी लढाईत कुठल्या मिळायला? रवळू कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीत धूर खात बेळगावला गेला. शहापुरातल्या एका भंगारवाल्याकडं मिलिटरीच्या मोडक्या ट्रकाच्या वायरी होत्या, त्यातल्या धड बघून आणल्या. जुन्या वायरीला मापून नवी कापायची, टोकाला पितळी टोपण दाबून बसवायचं, आणि एक बसल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही. अदलाबदल झाली की इंजिन उलटं भडकतं. शेवटची बसली. हँडल मारलं. चारी सिलिंडरं एका सुरात बोलली. रवळूच्या डोळ्यांत पाणी आलं.

महिना संपला तरी डब्यात पेट्रोल शिल्लक. रवळूनं डबा नेऊन जिनाप्पांपुढं ठेवला. "बघा आप्पा."

जिनाप्पांनी डबा हलवून बघितला. "बघतोय की. दम दिला आन् पेट्रोल उरायला लागलं!"

गाडी नीट केली हाच आता चोरीचा पुरावा झाला होता.

भादव्यातलं जैनांचं पर्व सरलं आणि क्षमावणीचा दिवस आला. त्या दिवशी धाकटा-थोरला न बघता एकमेकांपुढं हात जोडून क्षमा मागायची रीत. जिनाप्पाही दरवर्षी वखारीत येऊन हमालांपुढंसुद्धा हात जोडत. रवळू सकाळपासून धुतलेली बंडी घालून उभा होता. आज तरी आप्पांच्या तोंडून शब्द निघेल अशी त्याला आस होती.

जिनाप्पा एकेकापुढं हात जोडत आले. "मन दुखावलं असंल तर क्षमा करा." रवळूपुढं आले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पेट्रोल गेलं ते गेलं. आज मी रवळूला क्षमा केली!"

"केवढं मन!" कुणीतरी म्हणालं.

सगळे थांबले, आता रवळूची पाळी होती. 'मी चोरलं न्हाय' हे शब्द त्याच्या दातांमागं उभे होते. पण बावन्न वर्षांचा ड्रायव्हर, गावात चालत्या मोटारी दोन, आणि पलीकडं पानांच्या ढिगाशी बसलेली नागुबाई.

"चुकलं, आप्पा," रवळू म्हणाला.

जिनाप्पांनी त्याच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला.

संध्याकाळी नागुबाईनं भाकरी वाढली. हात तंबाखूनं काळे झालेले, कितीही धुतले तरी जात नसत. मग चुलीकडं बघत हळूच म्हणाली,

"येक इचारू? मी कुणाला सांगायची न्हाय." तिनं लाकूड आत सारलं. "कुणाला इकत हुता वो?"