इशबेलची झोळी

इशबेल मॅकफेल आमच्या बेटावर आली ती एका उन्हाळ्यापुरती, सागर केंद्राच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलायला. परत जायच्या दिवशी वारा सुटला, फेरीबोट रद्द झाली आणि केंद्राच्या बोटीचा तांडेल टॉर्किल तिला म्हणाला, "उद्याही सुटायची नाही. नाचायला येतेस?" आमच्या भागात लग्नाची मागणी यापेक्षा उघड शब्दांत झाल्याचं ऐकिवात नाही. इशबेल राहिली ती राहिलीच. केस पिकले, गुडघे कुरकुरू लागले, पण बटाटे चालूच होते.

सागर केंद्र म्हणजे धक्क्याला लागून असलेली एक जुनी दगडी इमारत. एक पंप समुद्राचं पाणी वर ओढतो, ते टाक्यांमधून खेळतं आणि परत समुद्रात जातं. टाक्यांत खेकडे, तारामासे, शेवंडं आणि काँगर जातीचा एक चिडखोर बाम मासा. दर वसंतात स्कॉटलंडभरातून विद्यार्थी यायचे. दिवसभर टॉर्किलच्या बोटीवर ओकायचे, संध्याकाळी इशबेलचं मसुराचं सूप तीन-तीन वाट्या प्यायचे आणि जाताना समुद्राच्या प्रेमात पडून जायचे. त्यातले कित्येक पुढे मोठे शास्त्रज्ञ झाले. इशबेल त्यांना सूप न संपवणारे आणि संपवणारे असं ओळखायची.

पूर्वी हे केंद्र एका विद्यापीठाचं होतं. विद्यापीठाला एके दिवशी साक्षात्कार झाला की समुद्राचा अभ्यास समुद्रापासून लांब, गरम खोलीत अधिक सोयीचा. त्यांनी हात वर केले. मग शास्त्रज्ञ आणि बेटकरी यांनी मिळून केंद्र स्वतंत्रपणे चालवायला घेतलं. स्वतंत्र म्हणजे काय, तर छप्पर गळलं की रागावून फोन करायला कुणी उरलेलं नाही.

तर पैसे उभे करायला 'सागर केंद्र मित्रमंडळ' निघालं आणि अध्यक्षपद इशबेलच्या गळ्यात पडलं. त्या सभेत ती चहा ओतत होती, त्यामुळे नाही म्हणायला तिचे हात मोकळे नव्हते.

मंडळाने कामाला कमी केलं नाही. चर्चच्या हॉलमध्ये दर महिन्याला चहापान. टपालवाली एफी केक आणायची, तो पाद्रीबाई विकत घ्यायच्या. पाद्रीबाईंचं शॉर्टब्रेड एफी घ्यायची. बेटावरचा पैसा बेटावरच गरगर फिरायचा, आणि प्रत्येक फेरीत लोक थोडे जाड व्हायचे. लॉटरीत व्हिस्कीची बाटली ठेवली, तर जिंकणारा शरमून ती पुढच्या लॉटरीसाठी परत द्यायचा. त्या बाटलीने केंद्रासाठी जेवढी वर्षं घातली तेवढी काही संचालकांनीही घातली नाहीत. मग 'शेवंड दत्तक घ्या' अशी योजना काढली. ग्लासगोच्या एका शाळेने अँगस नावाचं शेवंड दत्तक घेतलं, आणि एका निवृत्त न्यायाधीशाने घेतलेल्या शेवंडाने ते महिन्याभरात खाल्लं. शाळेला पत्र लिहायला कुणी तयार होईना. शेवटी नव्या शेवंडाला अँगस म्हणायचं ठरलं.

पण खरी गोम वेगळीच होती. इशबेलला मागता यायचं नाही. तिच्या आईने तिला दोनच गोष्टी शिकवल्या होत्या: पाव कापताना अंगठा सांभाळ, आणि घरात काही कमी आहे हे बाहेर कळू देऊ नकोस. देणगीचा डबा तिने स्वयंपाकघरात ठेवला होता, पावाच्या पेटीमागे. "समोर ठेवला की लोकांना अवघडायला होतं," ती म्हणायची. एखाद्या मुलाने तो शोधून काढून नाणं टाकलंच, तर ही म्हणायची, "अरे राहू दे रे, तुला परतीला लागेल."

संचालक डॉ. हेंड्री तसलेच. भला माणूस, समुद्री जळवांवर जगात त्यांच्या तोडीचा कुणी नाही, आणि जळवांकडून चिकटून राहण्याचा गुण मात्र त्यांनी घेतला नव्हता. निधीसाठी त्यांनी लिहिलेल्या आवाहनात असं होतं: 'ज्यांना सहज शक्य आहे आणि ज्यांच्यापुढे याहून निकडीचं काही नाही, त्यांनी विचार करायला हरकत नसावी.' हे वाचून कुणी विचार केल्याची नोंद नाही.

मागच्या शरद ऋतूत पंपाने दोनदा मान टाकली आणि वरच्या मजल्यावर पावसासाठी बादल्या मांडायची वेळ आली. डॉ. हेंड्री स्वयंपाकघरात येऊन बसले. इशबेलने न विचारता सूप पुढे ठेवलं. त्यांनी ते ढवळलं आणि प्यायले नाहीत, तेव्हाच ती समजली.

"उन्हाळ्यापर्यंत कसंबसं, इशबेल. पुढे नाही."

"म्हणजे बंद?"

"एडिंबरोची एक धर्मादाय संस्था आहे. मोठी. त्यांची बाई बघायला येणार आहे. त्यांनी दिलं तर छप्पर, पंप, पुढची दहा वर्षं, सगळं मार्गी लागेल."

"आणि नाही दिलं तर?"

डॉक्टरांनी चमचा खाली ठेवला. इशबेल आणि टॉर्किल राहत होते ते घरही केंद्राच्याच आवारातलं. हे दोघांनाही माहीत होतं.

संस्थेची ती बाई, मिसेस डालरिंपल, येणार म्हणून बेट जे कामाला लागलं, ते राणी येणार असती तरी लागलं नसतं. इशबेलने गळक्या छताखालच्या बादल्या उचलून कोळशाच्या खोलीत दडवल्या. भिंतीवर ओल होती, तिथे समुद्रपक्ष्यांचा मोठा तक्ता लावला. हॉटेलातून गालिचा मागून आणला, चर्चमधून चांगल्या कपबश्या. टॉर्किलने बोटीला नवा रंग दिला आणि इंजिन खोकू नये म्हणून आदल्या दिवशी त्याचे सगळे लाड पुरवले. धापा टाकणाऱ्या पंपाच्या खोलीला डॉ. हेंड्रींनी कुलूप लावलं. पाहुणीच्या कानाला त्रास नको.

टॉर्किलला मध्येच एक शंका आली. "इशबेल, ती बाई छप्पर गळतंय ते बघायला येतेय ना?"

"मग काय घाणेरड्या बादल्या दाखवू? कुणी परकं माणूस घरी येतंय, टॉर्किल."

"नाही, मी आपलं म्हटलं."

"तू म्हणू नकोस. दाढी कर."

त्या दिवशी ऊनही पडलं. ऑक्टोबरात आमच्याकडे असं ऊन पडत नाही, पण देवही बहुधा चांगले कपडे घालून आला होता.

मिसेस डालरिंपल काही शिष्ट बाई नव्हती, साधी होती. बूट चिखलाचे, हातात सँडविचचा डबा. तिने टाक्या पाहिल्या, बामाने तिच्याकडे रागाने पाहिलं, ती हसली. बोटीतून फेरी मारून आली. मग एकटीच स्वयंपाकघरात येऊन इशबेलजवळ बसली. सूप प्यायली, सगळं. इशबेलला ती मनापासून आवडली, आणि घात तिथेच झाला.

"मिसेस मॅकफेल, एक खरं सांगाल? आमच्याकडे चार ठिकाणचे अर्ज आहेत आणि पैसे एकालाच पुरतील एवढे. आम्ही तुम्हाला दिले नाहीत, तर काय होईल इथे?"

इशबेलच्या तोंडात उत्तर होतं. बंद होईल, बाई. पंप मरेल, मुलं येणार नाहीत, आणि आम्ही दोघं म्हातारपणी कुठे जाऊ ते मला ठाऊक नाही. एवढंच म्हणायचं होतं. तिने वाटी विसळली, पुसली, आणखी एकदा पुसली.

"निभावून नेऊ हो," ती म्हणाली. "आजवर नेलंच की. तुम्ही काळजी करू नका. अजून एक स्कोन घ्या."

फोन आला तो तीन आठवड्यांनी, आणि केंद्राचा फोन स्वयंपाकघरात असल्यामुळे तो इशबेलनेच उचलला.

"मिसेस मॅकफेल, मला तुम्हालाच सांगायचं होतं," मिसेस डालरिंपलचा आवाज खरोखर कष्टी होता. "उत्तरेकडे एक केंद्र आहे, त्यांचं छप्परच उडालंय. टाक्या कोरड्या. तिथला माणूस माझ्यापुढे रडला हो. तुमचं इतकं नीटनेटकं, इतकं उत्तम चाललंय. आम्हाला वाटलं, तुम्ही समजून घ्याल."

अजूनही वेळ गेली नव्हती. फोन हातात होता, बाई ऐकत होती, छतातून आलेला एक थेंब ओट्यावर पडत होता. इशबेलने त्याखाली पातेलं सरकवलं.

"अगदी योग्य केलंत," ती म्हणाली. "बिचारे. त्या दिवशी घरी नीट पोचलात ना? समुद्र जरा उठला होता."

डॉ. हेंड्री आणि टॉर्किल दोघांना बोलावून तिने सांगितलं. मग ओट्याला धरून म्हणाली, "माझ्यामुळे गेलं. तिने मला सरळ विचारलं होतं. मी म्हटलं, निभावून नेऊ."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "मलाही विचारलं होतं. मी म्हटलं, फार तातडी अशी काही नाही."

दोघांनी टॉर्किलकडे पाहिलं. टॉर्किल खिडकीबाहेर पाहत होता.

"बोटीवर विचारलंन. मी म्हटलं, तक्रारीला जागा नाही."

कुणी कुणाला बोललं नाही. बोलायला तिघांपैकी एकाने तरी खरं सांगितलेलं असायला हवं होतं.

जूनमध्ये केंद्र बंद झालं. टाक्यांतले जीव बादल्यांतून उतारावर नेऊन समुद्रात सोडले. एफी आली, पाद्री आणि पाद्रीबाई आल्या, सगळं मित्रमंडळ रांगेत बादल्या घेऊन. इतकी गर्दी एकाही चहापानाला झाली नव्हती. नव्या अँगसने जाताना पाद्रीचं बोट धरून ठेवलं आणि पाद्रीने चर्चमध्ये न शोभणारे दोन शब्द काढले. लोक हसले. मग डॉ. हेंड्रींनी पंप बंद केला. इशबेलने चाळीस वर्षं तो आवाज ऐकला होता, म्हणजे खरं तर कधीच ऐकला नव्हता. आता तो थांबला आणि तिला कळेना की आपल्याला अचानक बहिरेपण आलं की काय. हसणंही थांबलं.

शेवटी आले प्राध्यापक गॅलब्रेथ, मुख्य भूमीवरून, आपली जाळी आणि सूक्ष्मदर्शकं परत न्यायला. पंचवीस वर्षं ते विद्यार्थी घेऊन येत होते. सूप संपवणाऱ्यांपैकी. धक्क्यावर फेरीबोटीची वाट बघत दोघं खोक्यांजवळ उभे राहिले.

"मला पेपरात वाचून कळलं, इशबेल," ते म्हणाले. "धक्काच बसला. माझे जुने विद्यार्थी आज कुठे कुठे आहेत माहितीये? तेल कंपन्यांत, मत्स्यशेतीत. पैशांत लोळतायत. एक शब्द टाकला असता तर एका आठवड्यात पंप बसवला असता त्यांनी. मी दर वर्षी विचारायचो की नाही तुला, कसं चाललंय म्हणून?"

"विचारायचात."

"मग?"

"मागायला हवं होतं, प्राध्यापक. मागितलं नाही."

गॅलब्रेथ कमालीचे अवघडले. आमच्याकडे कुणी असं बोललं की समोरच्याने आकाशाकडे बघायचं असतं. त्यांनी बघितलं, ढग पश्चिमेचे आहेत असं मत दिलं, आणि इशबेलने त्याला दुजोरा दिला. बोट लागली. खोकी चढली. घर रिकामं करायची मुदत शनिवारी संपत होती आणि टॉर्किलच्या बहिणीच्या मागच्या खोलीत एकच पलंग मावत होता.

प्राध्यापकांनी तिचा हात हातात घेतला. "तुम्हा दोघांचं नीट होईल ना?"

इशबेलने श्वास घेतला. साठ वर्षांत जे तोंडातून निघालं नव्हतं ते तिने काढलं.

"नाही होणार," ती म्हणाली.

"छान, छान," प्राध्यापक म्हणाले, तिचा हात थोपटला आणि घाईने बोटीवर चढले. उत्तर ऐकायची सवय त्यांनाही नव्हती. बोट वळली, खोक्यांच्या ढिगामागून त्यांनी हात हलवला, आणि हलवता हलवताच त्यांचा हात हवेत थांबला. त्यांचं तोंड उघडं दिसत होतं, ते काहीतरी ओरडत होते. पण मध्ये आता बरंच पाणी होतं, आणि वारा त्यांच्याकडे वाहत होता.