जहाजाच्या दिवशी लाल बावटा

पर्यटकांचं जहाज बंदराला लागायचं त्या दिवशी सगळं गाव शहाण्यासारखं वागायचं. भटकी कुत्री हाकलली जायची, उघड्या गटारांवर फळ्या पडायच्या, टॅक्सीवाले दाढ्या करून यायचे. सरबतवाला एरवी ज्या फडक्याने गाडी, पेले आणि स्वतःचं कपाळ पुसायचा, ते लपवून नवं कोरं काढायचा. पाहुणे येणार म्हटलं की घरोघर हेच चालतं, त्यात लाज कसली? भानगड एवढीच होती की या शहाणपणात किनाऱ्यावरचा बावटाही धरलेला होता. हिरवा म्हणजे खुशाल पोहा, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे पाण्यात पाऊल टाकायचं नाही. जहाजाच्या दिवशी लाल लावायचा नाही, हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना पाठ होतं. नव्हतं ते फक्त शिट्टीआत्याला.

शिट्टीआत्या म्हणजे त्या किनाऱ्यावरची जीवरक्षक. पन्नाशी उलटलेली, उन्हाने रापलेली, रुंद खांद्यांची बाई. उंच लाकडी खुर्चीत ती दिवसभर समुद्राकडे तोंड करून बसायची, आणि कुणी नको तिथे पाण्यात शिरलं की गळ्यातली शिट्टी अशी फुंकायची की बुडायच्या आधी माणूस दचकूनच बाहेर यावा. आत्या ती खरी एकाच मुलीची, धाकट्या भावाच्या भिंगरीची. पण सात वर्षांची ती भिंगरी दिवसातून शंभरदा "आत्या, आत्या" ओरडत किनाऱ्यावर फिरायची. त्यामुळे सरबतवाल्यापासून बंदर कार्यालयातल्या साहेबांपर्यंत सगळ्यांचीच ती आत्या झाली.

भावाला तिनेच वाढवलेलं. आईबाप पाठोपाठ गेले तेव्हा ती शाळेत होती आणि भाऊ, म्हणजे तिचा बाळ्या, अजून बोबडं बोलत होता. तिची शाळा सुटली. बंदराजवळच्या हॉटेलच्या धुलाईघरात ती चादरी पिळायला लागली. ते खांदे तिथले. बाळ्या पाण्याचा वेडा. हिची पाठ वळली की हा समुद्रात. त्याला ओढून आणता आणता ती पोहायला शिकली आणि तिचा मार चुकवता चुकवता तो शिकला, असं ती सांगायची. पुढे तिचं लग्न झालं, ते टिकलं नाही. का, असं कुणी विचारलंच तर म्हणायची, "त्याला माझा आवाज सोसला नाही. पुढे मला शिट्टीही मिळणार हे कळलं असतं, तर बिचारा मांडवातूनच पळाला असता."

जीवरक्षकाची जागा निघाली तेव्हा एका बाईने अर्ज केला म्हणून पुरुष हसले. परीक्षेत भर लाटांतून एक माणूस ओढून काठाला आणायचा होता. साहेबांनी मुद्दाम गोदीतला सगळ्यात जाडजूड हमाल दिला. आत्याने त्याला मानगुटीला धरून आणला. कसं वाटलं, असं हमालाला विचारलं तर तो म्हणाला, "बुडालो असतो तर कमी दुखलं असतं." जागा तिला मिळाली.

हिचं कुणीतरी नक्की बुडालेलं असणार, म्हणून ही एवढी कडक, असं लोकांना वाटायचं. तसं कुणी तोंडावर म्हटलं की तिचं टाळकं सरकायचं. "कुणी नाही बुडालं. बुडायलाच पाहिजे का? माणूस मेल्याशिवाय धोका कळत नसेल, तर डोकं दिलंय कशाला, टोपी घालायला?"

आता जहाजातून उतरणाऱ्या मंडळींचं पाहा. त्यांना वर बजावून बजावून खाली सोडलेलं असायचं. नळाचं पाणी पिऊ नका, बर्फ टाळा, कापलेली फळं खाऊ नका, डासांचं मलम लावा, दागिने घालून हिंडू नका. हे सगळं मंडळी इमानेइतबारे पाळायची. सरबताच्या पेल्यातला बर्फ विंचू असावा तसा चिमटीत धरून बाहेर टाकायची. आणि मग अंगभर मलम चोपडून, बंद बाटलीतलं पाणी पिऊन, खिदळत सरळ समुद्रात शिरायची. पेलाभर पाण्याची धास्ती आणि समुद्राची नाही! या अकलेपुढे आत्या हात टेकायची.

त्यातून ती शिरायची नेमकी चुकीच्या जागी. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असतात आणि मध्येच एक पट्टा शांत, सपाट दिसतो. नवख्याला वाटतं, इथे बरं. पण किनाऱ्यावर आलेलं पाणी त्याच पट्ट्यातून परत आत जात असतं आणि जाताना माणसालाही घेऊन जातं. गावची माणसं त्या ओढीशी भांडत नाहीत, आडवी पोहून बाहेर पडतात. नवखा सरळ काठाकडे हात मारत राहतो आणि दमतो.

गावाला बावट्याची गरज नव्हती, गाव पाण्याकडे बघायचं. आणि गावाची चूक होत होती ती इथेच. त्यांच्या लेखी बावटा म्हणजे पाहुण्यांसाठी काढलेल्या ठेवणीतल्या कपबशा. पाहुण्याला आवडेल तो रंग लावा, आपल्या बापाचं काय जातंय? पाहुणा मात्र पाण्याकडे बघायचाच नाही, त्याचा सगळा भरवसा त्या कापडावर.

त्या हंगामात वाऱ्याने सगळ्यांची वाट लावली होती. जहाजं बंदराला न लागताच पुढे निघून जात होती. बाळ्याचा धंदा खुर्च्या आणि छत्र्या भाड्याने द्यायचा. त्याच्या नव्या छत्र्या अजून प्लास्टिकमधून बाहेर निघाल्या नव्हत्या. अशात हंगामातलं सगळ्यात मोठं जहाज येणार होतं, आणि नेमका त्याच सकाळी समुद्र चढलेला. भावाबहिणीचं घर एकच, स्वयंपाकघर एकच. आत्या चहा पीत होती तेव्हा बाळ्या दारात येऊन उभा राहिला.

"ताई, आज पिवळा लाव."

"पाणी बघून लावीन."

"पाणी मी बघून आलोय."

"मग विचारतोस कशाला?"

भावजय पाठ फिरवून गॅसपुढे उभी होती. बाळ्याचा आवाज चढला. "सगळा किनारा माझ्या तोंडाकडे बघतोय. म्हणतात, सख्खी बहीण तुझी, तुला एवढंही जमत नाही? आज लाल लावलास, तर मला बहीण नाही असं समजेन. पुन्हा या घरात आपलं जेवण एकत्र नाही."

हे तिला लागलं. ज्याला घास भरवायला तिने शाळा सोडली, तो ताट वेगळं करायची भाषा करत होता. तिने फळीवरचा डबा काढला आणि म्हणाली, "बरं. मग आजचा डबा तरी भरून नेते. उद्याचं उद्या."

आणि तिने लाल लावला.

पहिला फोन साहेबांचा. "आत्या, पिवळा लावून जरा जास्त लक्ष ठेवलं तर नाही का चालणार?"

"चालेल की. तुम्ही या पोहायला, मी लक्ष ठेवते."

"तुमच्या खुर्चीवर दुसरं माणूस बघावं लागेल हं मला."

"बघा. ते येईपर्यंत लाल."

मग सरबतवाला आला. जळात राहून माशाशी वैर करू नये, असं त्याने समजावून सांगितलं. आत्या म्हणाली, "माशांशी माझं काही वाकडं नाही. तुमच्याशी आहे."

बस आली. जहाजाच्या मंडळींना फिरवणारी तरुण मुलगी खाली उतरली, तिने लाल बावटा पाहिला आणि ड्रायव्हरला बस वळवायची खूण केली. तेवढ्यात बाळ्या हात हलवत आडवा आला. "अहो, हे नुसतं नियमाला लावलंय! मी दाखवतो ना." त्याने शर्ट काढून वाळूवर टाकला आणि त्या शांत पट्ट्यातून सरळ आत शिरला. आत्याची शिट्टी वाजत राहिली. पाण्याने त्याला बघता बघता लांब नेलं. तो आडवा वळला, लाटांतून वाट काढत दुसऱ्या टोकाला बाहेर आला आणि हसत, निथळत परत चालत आला. बसमधून टाळ्या पडल्या. एक ढेरपोट्या गृहस्थ उतरून बुटांच्या नाड्या सोडू लागला. एक बाई आपल्या दोन पोरांचे कपडे काढू लागली. त्यांच्यामागे आख्खी बस उतरायच्या बेतात.

आत्या खुर्चीवरून उतरली. रागाने तिचे कान तापले होते. ती एकटी, दोरी बांधलेली ट्यूब एक, आणि माणसं बसभर. शिट्टीला आता कुणी भीक घालणार नव्हतं. शाळेला सुट्टी होती म्हणून भिंगरी खुर्चीच्या सावलीत खेळत होती. आत्याने तिचं मनगट धरलं आणि तिला घेऊन पाण्याच्या कडेला, बाळ्यापुढे जाऊन उभी राहिली.

"छान पोहलास. आता हिला घेऊन जा."

"काय?"

"पाणी चांगलं आहे ना? त्या बाईच्या पोरांना चालतं, मग तुझ्या पोरीला का नाही? धर हात. त्याच पट्ट्यातून ने."

भिंगरी उड्या मारायला लागली. बाबांबरोबर लाटेत जायचं म्हणजे तिला सणच. बाळ्याने आजूबाजूला पाहिलं. सगळा किनारा बघत होता. तोही त्याच बहिणीच्या हाताखाली वाढलेला, हट्टाला कमी नव्हता. त्याने पोरीचा दुसरा हात धरला आणि ओढलं. एक पाऊल, मग आणखी एक. पाणी भिंगरीच्या जेमतेम घोट्यांना लागत होतं. तेवढ्यात लाट मागे फिरली, पायांखालची वाळू सरकली आणि पोरगी धपकन खाली बसली ती बसल्या बसल्या आत घसरायला लागली. आधी ती हसली. मग हसायची थांबली.

बाळ्याने झडप घालून तिला छातीशी उचललं आणि तो पळाला. कोरडी वाळू आली तरी थांबला नाही, छत्र्या ओलांडून पार रस्त्यालगतच्या कठड्यापर्यंत गेला. त्या बाईला गावाची भाषा येत नव्हती. तिला काही सांगावंही लागलं नाही. तिने पोरांना हाका मारून जवळ घेतलं आणि कपडे परत चढवले. ढेरपोट्याने नाड्या बांधल्या. बस वळली.

दिवसभर कुणी पाण्यात उतरलं नाही आणि कुणी बुडालं नाही. दुपारी सरबतवाला हात नाचवत आला. "बघा, कोण बुडालं? उगाच आमच्या पोटावर पाय!"

"कुणी नाही बुडालं," आत्या म्हणाली. "त्याचाच पगार घेते मी. तुला मढं दाखवायचा नाही घेत." तोंडाने ती अशी तडतडत होती, पण दिवसभर समोर भिंगरीचा तो चेहरा होता, हसायचा थांबलेला.

संध्याकाळी घरी आल्यावर ती स्वयंपाकघराकडे फिरकली नाही. आपल्या खोलीत पाय पसरून बसली होती, तेव्हा बाळ्या आला आणि उंबऱ्याबाहेर उभा राहिला.

"माझी पोर पणाला लावलीस तू, ताई."

"लावली." तिने नजर खाली केली नाही. "तू सकाळपासून दुसऱ्यांची लावत होतास. मी आपली लावली, तेव्हा कुठे तुला पाणी दिसलं."

बाळ्या उंबऱ्यावर बसला. दोन्ही हातांनी त्याने तोंड पुसलं. मग बारीक आवाजात त्याने विचारलं, "आणि मी नसतं उचललं तर?"

"दुसरा हात मी सोडला होता का, मेल्या?"