शोकेसच्या काचांची टाकी

पाहुणे फाटकाबाहेर पडले आणि दादाने हातातला स्टीलचा तांब्या वहिनीच्या डोक्यात घातला. पाहुण्यांसमोर ती एवढंच म्हणाली होती, की मला बी.एड. करायची इच्छा आहे. लग्नाला तेव्हा काही महिनेच झाले होते. तिच्या कपाळावरून रक्त भुवईत उतरलं आणि तिथून गालावर. आईने स्वयंपाकघराचं दार आतून लोटून घेतलं. बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. मी कापूस चेपून तिच्या कपाळाला लावला.

नव्वदच्या दशकाच्या शेवटची ही गोष्ट. वर्ध्याला कापूस मार्केटकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं जनरल स्टोअर्स होतं आणि दुकानाच्या मागे घर. वहिनी भंडाऱ्याकडची, तलावाच्या गावची. वनस्पतीशास्त्रात बी.एस्सी. झालेली. वडील शाळामास्तर. दादाचं शिक्षण बारावीत थांबलं होतं आणि त्याच्यापेक्षा जास्त शिकलेली बायको त्यानेच हट्टाने निवडली होती. का, ते मला अजून समजलेलं नाही.

त्या वर्षी बाबांनी दुकानाचं फर्निचर बदललं. जुनं शोकेस मागच्या पडवीत आलं. कपाळाचे टाके निघाल्यावर वहिनी दुपारी तिथे बसायची. एक दिवस शोकेसच्या काचेवर बोट वाजवत म्हणाली, "ताई, या काचांचं काय करणार हायेत?"

"भंगारवाला नेईन."

"जाड हायेत चांगल्या. पाण्याचा भार सहन करतील."

तिला माशांची टाकी करायची होती. पण निळे खडे, प्लास्टिकचं झाड आणि तोंडातून बुडबुडे सोडणारा पाणबुड्या असलेली नाही. तिला जिवंत झाडांची टाकी हवी होती. गावच्या तलावात वाकून बघितलं की तळाशी दिसतं तसं जंगल. तिने बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, "खर्च नाई ना? मंग करा. दुकानात ठेवू, गिऱ्हाईक पाह्यतीन."

मग आम्ही दोघी कामाला लागलो. काचवाल्याने मापात काचा कापून दिल्या आणि कडा घासून दिल्या. चिकटवायच्या सिलिकॉनची नळी माझ्या मैत्रिणीने नागपूरहून आणली. पडवीत वर्तमानपत्रं पसरून आम्ही तळाच्या काचेवर चारी भिंती उभ्या केल्या. मी काच धरायची आणि वहिनी सांध्यात सिलिकॉन भरून त्यावरून ओलं बोट फिरवायची. व्हिनेगरसारखा आंबट वास घरभर झाला. आई कुरकुरली. सिलिकॉन चांगलं सुकू दिल्यावर पाणी भरलं, तर मागच्या कोपऱ्यातून बारीक धार लागली. मी रडवेली झाले. वहिनीने टाकी रिकामी केली, ब्लेडने सगळा कोपरा खरडला आणि पुन्हा भरला. दुसऱ्यांदा पाणी थांबलं.

रेतीसाठी माझ्या लुनावर पवनारला गेलो. धाम नदीच्या पात्रात साडी खोचून ती उभी राहिली आणि आईची गव्हाची चाळणी घेऊन रेती चाळू लागली. बारीक खाली सोडायची, भरड पिशवीत टाकायची. तिथेच वाहत्या पाण्यात हिरव्या फितीसारखी पानं हलत होती. तिने हात घालून मुळासकट उपटली. "व्हॅलिस्नेरिया," ती म्हणाली, आणि एकदम हसली. कॉलेजमधलं नाव तोंडात आल्याचं हसू होतं ते. पात्रातले चार काळे दगड आणि कधीचं पाण्यात मुरलेलं एक वाकडं मूळ आम्ही घेतलं. ते मूळ तिने आंघोळीच्या पाण्याच्या पातेल्यात उकळलं. पाणी चहासारखं झालं. पातेलं काळं केलं म्हणून दादाने त्या रात्री तिचा हात पाठीमागे पिरगाळला. सकाळी तिने दुसऱ्या हाताने पातेलं घासलं आणि मूळ पुन्हा उकळायला ठेवलं.

टाकीच्या तळाला शेतातली चाळलेली माती आणि तिच्यावर रेती. मागे उंच, पुढे उतरती. मी मोठा दगड मधोमध ठेवला तर तिने तो उचलून एका बाजूला सरकवला. "मधोमध ठेवला का नजर तिथंच अडकते. बाजूले असला का फिरते." मागे फितीची झाडं, दगडांच्या बेचक्यात बारीक पानांची, पुढे मोकळी रेती. झाडांना खायला कार्बन डायऑक्साईड मिळावा म्हणून तिने प्लास्टिकच्या बाटलीत साखर, पाणी आणि बेकरीतलं यीस्ट घातलं, आणि औषधाच्या दुकानातून आणलेली सलाईनची नळी बाटलीच्या बुचातून टाकीत सोडली. जुन्या शोकेसची ट्यूबलाईट पत्र्याच्या पट्टीसकट वर फळीला टांगली. मासे म्हणजे गप्पी. हिवतापवाल्यांनी डासांसाठी एका जुन्या विहिरीत सोडलेले. ते बादलीने काढून आणले.

पंधरवडाभरात पानांवर बारीक बुडबुडे धरायला लागले. ट्यूब लावली की सुटे मोती वर चढल्यासारखे दिसत. दुकानात माल घ्यायला आलेली माणसं वाकून बघायची. "कोणं केलं हे?" असं विचारलं की बाबा म्हणायचे, "सुनबाईनं." सुरुवातीला दादानेही मित्रांना बोलावून दाखवलं. पण प्रत्येक जण वहिनीचंच नाव काढायचा. हळूहळू त्याच्या कपाळावर आठ्या चढायला लागल्या.

एका रविवारी तो डबक्यातून बोटभर लांबीची मरळ घेऊन आला. मरळ दुसरे मासे गिळते, हे त्याला माहीत होतं. त्याने ती टाकीत सोडली आणि स्टूल ओढून समोर बसला. मरळ झाडांत काही वेळ निश्चल राहिली. मग झपकन पुढे आली आणि एक गप्पी नाहीसा झाला. मग दुसरा. एक मादी पोटुशी होती. मरळीने तिला आडवं धरलं, तिचं शेपूट तोंडाबाहेर वळवळत राहिलं. दादा मांडीवर थाप मारून हसला. "पाह्य, तुहे लेकरं खाऊन राह्यली," तो वहिनीला म्हणाला. तिचा गर्भ काही आठवड्यांपूर्वीच पडला होता. त्याच्या लाथेने पडला होता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं.

वहिनी उठली. तिने चाळणी आणली, मरळ काढली, पदरात धरून मागच्या अंगणात नेली. कपडे धुवायच्या दगडावर ठेवून मोगरीचा एक घाव घातला. मग आणखी एक. मासा केव्हाच मेला होता, तरी ती मारतच राहिली. मी तिचा हात धरला तेव्हा थांबली. तिच्या तोंडावर माशाचं रक्त उडालं होतं. तिला कोणाला मारताना मी पहिल्यांदाच बघत होते, आणि मला भीती वाटली नाही. बरं वाटलं.

दादाने मागून येऊन तिला केसांनी धरून पडवीत ओढलं. पट्टा काढला. मी मध्ये पडले तर त्याचं कोपर माझ्या बरगडीत बसलं आणि मला श्वास घेता येईना. बाबा दारात आले, बघितलं, म्हणाले, "पुरे आता. दुकानात आवाज जाते." आणि परत गेले.

तरी ती टाकी राखत राहिली. आठवड्याला थोडं पाणी बदलायची, पिवळी पानं कात्रीने छाटायची, काचेवरचं शेवाळ जुन्या पोस्टकार्डाच्या कडेने खरडायची. विहिरीतून पुन्हा गप्पी आणले. त्यांना पिल्लं झाली.

दिवाळीनंतर एका दुपारी एका शाळेच्या मुख्याध्यापिका दुकानात वह्या घ्यायला आल्या. टाकीपाशी खूप वेळ उभ्या राहिल्या. कोणी केली, झाडं कुठून आणली, सगळं विचारलं. वहिनी उत्तरं देत गेली. बाई म्हणाल्या, "आमच्याकडे विज्ञानाच्या शिक्षिका रजेवर आहेत. मुलांना शिकवायला याल का?"

दादा काउंटरवर होता. वहिनीने त्याच्याकडे बघितलं नाही. "येईन," ती म्हणाली. "सोमवारपासून येईन."

बाई गेल्या. दादाने दुपारच्या सुटीचं शटर अर्धं ओढलं. काउंटरखालून दोन किलोचं वजन काढलं आणि टाकीच्या समोरच्या काचेवर फेकलं.

आवाज आधी आला की पाणी, सांगता येत नाही. सगळं दुकान ओलं झालं. माती, रेती, दगड, हिरव्या फिती आणि तडफडणारे गप्पी फरशीवर. फळी एका बाजूने खाली आली आणि पेटलेली ट्यूब पट्टीसकट लोंबायला लागली. दादा अनवाणी होता. ट्यूबही फोडावी म्हणून त्याने ती पट्टी पकडली, आणि तसाच ताठ झाला. हात सुटेना. जबडा आवळला, डोळे वर गेले आणि घशातून घरघर येऊ लागली.

मी त्याला ओढायला धावले.

"ताई, हात लावू नका!" वहिनी ओरडली. "चिकटाल!"

मेन स्विच तिच्या मागच्या भिंतीवर होता. ती वळली, खटक्यावर हात ठेवला आणि थांबली. माझ्याकडे नाही, त्याच्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर मोगरी उचलली तेव्हाचाच भाव होता. मी तिला खटका ओढ म्हटलं नाही. मग तिने खटका खाली ओढला.

दादा काचांवर पडला. काही वेळ नुसता धापा टाकत राहिला. वहिनी त्याच्याजवळ बसली आणि त्याची नाडी बघायला हात पुढे केला. त्याने डोळे उघडले. म्हणाला, "पाहत होती ना तू? मराले सोडून देत होती." आणि हाताला लागलेला काचेचा तुकडा उचलून त्याने तिच्या पुढे केलेल्या हातावर ओढला. मनगटापासून कोपरापर्यंत.

मी माझी ओढणी तिच्या हाताला गुंडाळली. बाबा आतून आले होते. "घरातच पट्टी करा," ते म्हणाले. "डॉक्टरले बोलावतो." मी ऐकलं नाही. शटरखालून तिला वाकवून बाहेर काढलं आणि ऑटोत घातलं. सेवाग्रामपर्यंत ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून होती. ओढणीतून रक्त माझ्या सलवारीवर ठिबकत होतं. ऑटोवाला मागे वळून वळून बघत होता आणि हॉर्न दाबत होता.

दवाखान्यात टाके घालताना डॉक्टरांनी विचारलं, "कसं लागलं?"

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. तिच्या ओठांवर उत्तर तयार होतं, ते मला दिसत होतं. काच फुटली, पाय घसरला. तांब्याच्या वेळीही तिने असंच सांगितलं होतं.

"माझ्या भावाने काच मारली," मी म्हणाले. "मुद्दाम मारली. मी समोर होते."

पोलीस आले, जबाब झाला. वहिनीचे वडील भंडाऱ्याहून एस.टी.ने आले आणि तिला घेऊन गेले. मी घरी गेले तेव्हा माझे कपडे फाटकाबाहेर होते. बाबा आतूनच म्हणाले, "जिच्यासाठी बोलली, तिच्याकडं जाय."

मी मैत्रिणीकडे राहिले. नंतर सेवाग्रामला नोकरी धरली आणि तिथेच खोली घेतली. केस कित्येक वर्षं रेंगाळली. माझी साक्ष झाली त्या दिवशी दादाच्या वकिलाने विचारलं, "मासे मेले म्हणून तुम्ही सख्ख्या भावावर उलटलात का?" कोर्टात काही जण हसले. मी म्हणाले, "मासे नंतर मेले. आधी तिचं मूल मेलं." मग कोणी हसलं नाही. वहिनी समोरच्या बाकावर बसली होती. तिने मान खाली घातली आणि तशीच ठेवली.

बाहेर पायऱ्यांवर दादाने मला गाठलं. पोलीस पोचेपर्यंत त्याने दोनदा मारलं. माझा समोरचा दात तुटून ओठात घुसला. तोंडातलं रक्त मी पायरीवर थुंकले आणि त्याच्याकडे बघत राहिले. लहानपणी यानेच मला सायकल शिकवली होती. मागे धावत धावत, सीट धरून. तोच हात होता.

त्याला शिक्षा झाली. अपिलात ती कमी झाली आणि काही महिने तो आत राहिला. वहिनीने बी.एड. केलं आणि तिच्या गावाजवळच्या शाळेत लागली. तिच्या हातावरची खूण मुलं विचारतात, असं तिने एकदा फोनवर सांगितलं. ती त्यांना खरं सांगते. मोठ्या वर्गांना पूर्ण आणि लहान वर्गांना अर्धं.

दादा सुटून आल्यानंतरच्या उन्हाळ्यात, एका भर दुपारी, माझ्या खोलीसमोर ऑटो थांबला. आई उतरली. एवढ्या वर्षांत ती पहिल्यांदाच आली होती. पाणी प्यायली, खोली बघितली, माझ्या ओठावरचा वण बघितला. मग पदर खांद्यावरून बाजूला केला. गळ्याजवळ काळी-निळी बोटं उमटली होती.

"बाबांनी?" मी विचारलं.

"नाई. त्यानं." तिने पदर सारखा केला. "तुहे बाबा टीव्ही पाहून राह्यले होते."

ती पुढे म्हणाली, "मी दार लावून घेत जाओ ना. मले वाटे, दार लावलं का आवाज कमी होते. आवाज कमी नाई होत, पोरी. दाराच्या या बाजूनं तर जास्तच येते."

तिच्यासोबत एक मोठी पिशवी होती. मला वाटलं, पापड-कुरड्या असतील. तिने चेन ओढली आणि एकामागून एक पातळं काढून माझ्या पलंगावर ठेवली. घरी नेसायची, बाहेर जायची, सणाची, सगळी. मग पिशवी झटकून घडी केली आणि म्हणाली, "कुठं ठेवू हे?"

मी कपाटातलं माझं सामान एका बाजूला सारलं.